गेममधल्या लढाईचं एकपानी कॉमिक कसं काढायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे मित्रांसोबत बसून पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा गेम, त्याचं सेशन संपलं की त्याच रात्री एक क्षण ठरवा, एकच, सगळी लढाई एका पानात कोंबू नका रे. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, म्हणजे सगळ्यात जबर घाव बसला, तर फासा काढूच नका, त्या घावाने ड्रॅगन कसा कोलमडला ते मोठ्या चौकटीत दाखवा, आधीच्या दोन-तीन चौकटी छोट्या ठेवा. पात्रं नुसत्या काळ्या आकारावरून ओळखू यायला हवीत. आणि किल्ला हवाय तर युरोपचे फोटो कशाला शोधता, ग्वाल्हेरात राहतो आपण! वही घेऊन किल्ल्यातल्या मानमंदिर महालावर जा, बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्स, त्यांत बदकं, हत्ती, वर बुरुजांचे घुमट, ऊन तिरपं असताना स्केच करा, कोरीवकाम मस्त उठून दिसतं. संवाद पेन्सिलनेच आधी लिहून घ्या, नाहीतर फुग्यांना जागाच उरत नाही.