बंदूक घडवणाऱ्याचं घराणं शोधताय? या चुका टाळा

‘जे. अँड एस. हॉकन, सेंट लुईस’. जुन्या ठासणीच्या रायफलच्या नळीवर हा ठसा दिसला की जाणकार थबकतात. जे म्हणजे जेकब, एस म्हणजे सॅम्युअल. दोघे सख्खे भाऊ. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात सापळे लावून बीव्हर हा केसाळ प्राणी धरणारे शिकारी त्यांच्या रायफली खांद्यावर टाकून जात. अशा कारागिराचं घराणं शोधायला बसलेला माणूस पहिली चूक या ठशापाशीच करतो. ‘हॉकन’ एवढंच स्पेलिंग धरून तो सगळी दप्तरं धुंडाळतो आणि काही सापडत नाही म्हणून उठून जातो.

त्या काळी आपलं आडनाव दुसराच कुणीतरी कागदावर उतरवायचा. पाद्री, कारकून, करवसुली करणारा, ज्याच्या कानाला जसं लागेल तसं तो लिही. हॉकन मंडळी मूळची स्विस-जर्मन. आडनाव हाखेन, आणि इंग्रजी कानांनी त्याचं हॉकिन्सही केलं. तिन्ही रूपं शोधावीच लागतात. जर्मन चर्चच्या नोंदवहीत तर आणखी घोळ. मुलाला दोन नावं ठेवायची, त्यातलं पहिलं बहुतेक वेळा योहान, आणि हाक मारायची दुसऱ्याने. त्यामुळे एका घरात चार योहान दिसले तर लिहिणाऱ्याची चूक धरू नका, ते चार वेगळे भाऊ असू शकतात. बायकांच्या आडनावाला शेवटी ‘इन’ लागायचं. म्युलरची बायको म्युलरिन, म्हणजे घराणं तेच. काहींनी तर आडनावाचं थेट भाषांतर केलं. त्सिमरमान सुतार, म्हणून पुढची पिढी कार्पेंटर.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ पाहून लगेच बापलेकाची जोडी जुळवू नका. गावात एकाच नावाचे दोघे असले की वयावरून थोरला आणि धाकटा म्हणत, एवढाच त्याचा अर्थ. ते काका-पुतणे असतील, किंवा नात्याचे नसतीलही. थोरला वारला की धाकट्याच्या नावामागचं ‘ज्युनियर’ही गळून पडे.

गावाच्या बाबतीतही असंच फसायला होतं. माणूस हलत नाही, सरहद्द हलते. पेनसिल्व्हेनियात रायफली घडवणाऱ्यांचं माहेरघर म्हणजे लँकेस्टर. ती काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, १७२९ मध्ये चेस्टरमधून निघाली, आणि पुढे लँकेस्टरमधून १७४९ मध्ये यॉर्क निघाली. १७२५ ची नोंद हवी असेल तर लँकेस्टरच्या कचेरीत शोधून उपयोग नाही. जेकबचा जन्म १७८६ चा, मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनचा. ते गाव वॉशिंग्टन काउंटीत, पण ही काउंटी १७७६ मध्ये फ्रेडरिकमधून वेगळी झालेली, म्हणून वडीलधाऱ्यांचे जुने कागद फ्रेडरिककडे पाहायचे. शिवाय त्या काळी हेगर्सटाउनला एलिझाबेथ टाउनही म्हणत. जेकबने सरकारी शस्त्रशाळेत काम केलं ते हार्पर्स फेरी आज वेस्ट व्हर्जिनियात आहे. तेव्हा ते व्हर्जिनियात होतं.

सर्वांत जास्त माणसं जनगणनेत अडकतात. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची. १८४० पर्यंत तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी सगळे आकडे: या वयाचे मुलगे इतके, त्या वयाच्या मुली इतक्या. हे आकडे म्हणजे त्याचीच मुलं असं मानणं धोक्याचं. बंदूक घडवणाऱ्याच्या घरी उमेदवारीला ठेवलेली पोरं राहत आणि त्याच आकड्यांत मोजली जात. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं ते १८५० पासून. सेंट लुईस ज्या मिसूरीत आहे तिथली १८२० ची गणना तर उरलेलीच नाही. १८९० ची बहुतेक सगळी १९२१ च्या आगीने गेली.

आता जेकबचं पाहा. मे १८४९ मध्ये सेंट लुईसला कॉलराने तो गेला. १८५० च्या गणनेत नाव, वय, जन्मस्थळ, धंदा असे रकाने आले, पण ते भरायला जेकब उरला नव्हता. त्या गणनेला जोडून मृतांची वेगळी यादी केलेली आहे, तीत सापडेल असं वाटतं. ती यादी १ जून १८४९ पासूनच्या वर्षभराची. काही आठवड्यांनी चुकामूक! यादीत नाव नाही म्हणून ‘तो तेव्हा जिवंत असणार’ असं लिहिणारा इथे फसतो. कोरा रकाना दिसला की आधी त्या यादीचा कालावधी तपासा.

मग धागा सापडतो कुठे? मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत. बिछाने, किटल्या, गाय यांच्या ओळींमध्येच ऐरण, भाता, नळीत पीळदार खाचा पाडायचा बाक, अर्धवट राहिलेली एखादी रायफल लिहिलेली असते. ही हत्यारं लिलावात कुणी घेतली ते जरूर वाचा; बरेचदा मुलगा, जावई किंवा हाताखालचा उमेदवारच असतो. खरेदीखतावरचे साक्षीदारही असेच टिपून ठेवा. मात्र खटक्याच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवरचं नाव पाहून वंशावळीत कुणाला घालू नका. खटके पुष्कळदा इंग्लंडहून तयार येत, तिथे नाव असायचं खटका बनवणाऱ्याचं.

वाट अगदीच खुंटली तर भावंडांकडे वळा. सॅम्युअल १७९२ चा आणि जगला थेट १८८४ पर्यंत. १८५९ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, तो सोनं शोधायला निघालेल्यांच्या लाटेत डेन्व्हरला गेला आणि १८६१ ला परतला. मधल्या १८६० च्या गणनेत डेन्व्हर शोधायचं ते कॅन्सस टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशात, कारण कोलोरॅडो तेव्हा झालंच नव्हतं. १८८० च्या गणनेने प्रत्येकाला आईचं आणि वडिलांचं जन्मस्थळ विचारलं. जेकबला हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. पण सॅम्युअलचे आईवडील तेच जेकबचे आईवडील.