लेविटच्या वळणाचं भौमितिक स्क्रीनप्रिंट करताय? या चुका टाळा

सरळ रेषा, चार दिशा, चार रंग. अमेरिकन चित्रकार सॉल लेविट (१९२८–२००७) याची छापचित्रं पाहिली की कला महाविद्यालयातल्या कुणालाही वाटतं, हे तर सहज जमेल. मग छपाईला बसलं की रेषा दातेरी उमटतात, दुसरा रंग पहिल्यावर नीट बसत नाही आणि दोष हाताला दिला जातो. बहुतेक वेळा चूक स्क्वीजी (जाळीतून कागदावर रंग ओढणारी रबरी पट्टी) हातात घेण्याआधीच झालेली असते.

पहिली चूक समजुतीची. १९६७ साली ‘आर्टफोरम’मधल्या लेखात लेविटनं मांडलं की कल्पनाप्रधान कलेत सगळे निर्णय आधीच घेतलेले असतात, प्रत्यक्ष करणं ही त्यानंतरची औपचारिकता. त्यावरून काही जण धरून चालतात की छपाई कशीही झाली तरी चालेल. हे साफ चूक आहे. जिथे चित्रात नियमाशिवाय काहीच नाही, तिथे अर्ध्या मिलिमीटरची सरकही लगेच डोळ्यांत भरते. लेविट स्वतः कसलेल्या मुद्रकांबरोबर काम करायचा. त्याची कितीतरी स्क्रीनप्रिंट जो वातानाबे या मुद्रकाच्या हातून उतरली आहेत.

म्हणून आधी नियम कागदावर पूर्ण लिहून काढा. समजा उभी, आडवी आणि दोन तिरक्या अशा चार दिशांच्या रेषा घेतल्या आणि त्यांची सगळी मिश्रणं दाखवायची आहेत. एकेकट्या ४, जोड्या ६, तीन-तीनच्या ४ आणि चारही एकत्र १, म्हणजे १५ चौकोन. इतक्यासाठी १५ स्क्रीन (फ्रेमवर ताणलेल्या, चित्र उतरवलेल्या जाळ्या) करायला निघणारेही असतात! दर दिशेला एक रंग ठरवला तर चारच स्क्रीन पुरतात. त्यातली प्रत्येक दिशा बरोबर ८ चौकोनांत येते. पॉझिटिव्ह, म्हणजे काळ्या रेषांच्या पारदर्शक फिल्म, तयार झाल्यावर चारही फिल्मवर रेषा भरलेले चौकोन मोजा. कुठे ७ किंवा ९ भरले, तर चूक तिथेच सापडली. एक्स्पोज करून (उजेड दाखवून चित्र जाळीवर उतरवून) स्क्रीन वाया घालवू नका.

आता दातेरी रेषा. हा सगळ्यात चिवट दोष आणि त्याचं मूळ जाळीच्या धाग्यांत आहे. रेषा धाग्यांना जवळजवळ समांतर पण किंचित कललेली असेल, तर तिची कड काही अंतरानं एकेक धागा ओलांडत जाते आणि पायऱ्या दिसतात. फ्रेमवर फिल्म ‘अंदाजानं सरळ’ चिकटवली की नेमकं हेच होतं. चार दिशांच्या कामाला एक सुंदर तोड आहे: फिल्म धाग्यांपासून साडेबावीस अंशांत फिरवून लावा. मग उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या अशा चारही दिशा आपल्या जवळच्या धाग्यापासून सारख्याच, साडेबावीस अंशांवर राहतात. चारही दिशांच्या रेषांची कड एकसारखी येते, आणि चारही दिशांना समान मान देणाऱ्या चित्रात हे फार महत्त्वाचं. यासाठी फ्रेम चित्रापेक्षा बरीच मोठी लागते, तेवढा खर्च करावा. बारीक रेषांना सेंटिमीटरला ९० ते १२० धाग्यांची जाळी बरी. जाड जाळीवर कड तुटते.

रंग एकमेकांवर बसत नसतील तर आधी कागदावर संशय घ्या. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि फुगतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त. आज पिवळा छापला आणि आठवड्यानं निळा, तर मधल्या काळात चित्राचं माप बदललेलं असतं. सगळे कागद एकाच दिशेनं कापा, छपाईच्या खोलीतच ठेवा आणि शक्य तितके रंग लागोपाठ उरका. कागद ठीक असेल तर स्क्रीन आणि कागदातलं अंतर पाहा. ते दोन-तीन मिलिमीटरच्या फार वर गेलं की स्क्वीजीच्या दाबानं जाळी ताणली जाते आणि चित्र लांबतं. लाकडी फ्रेम दमट हवेत वाकते. चार रंगांच्या कामाला ॲल्युमिनियमची घ्या.

लेविटच्या पुढच्या काळातल्या छापचित्रांत सपाट, भडक पट्टे आणि कमानी येतात. असे पट्टे छापताना पाण्याचे रंग उन्हाळ्यात जाळीतच सुकतात आणि पांढरे ठिपके राहतात. रंगात सुकणं लांबवणारं रिटार्डर घाला, आणि प्रत्येक ओढीनंतर स्क्रीनवर रंगाचा ओला थर पसरून ठेवा. ठिपके दर प्रतीत त्याच जागी येत असतील तर ते इमल्शनमध्ये (जाळीवरच्या प्रकाशसंवेदी लेपात) अडकलेल्या धुळीचे किंवा जाळीत राहिलेल्या कचऱ्याचेही असू शकतात. स्क्रीन उजेडासमोर धरली की लगेच दिसतात.

अधेमधे एक मोह होतो: पिवळी रेषा सरकली, तर ‘चला, आता सगळ्याच रंगांच्या रेषा थोड्या सरकवू’. लेविटनं १९६९ मध्ये लिहिलं होतं की काम चालू असताना कलाकारानं मन बदललं की त्याच्या हाती तडजोड लागते. तेव्हा ती प्रत बाजूला काढा आणि नव्या कागदावर पुन्हा छापा.

छापून झाल्यावर चौकटीत बसवण्यासाठी समास कापू नका. प्रतीचा क्रमांक आणि सही पेन्सिलीनं तिथेच करायची असते.