‘आमची कंपनी आज काय विकते?’

पुण्यातल्या एका सायबर सुरक्षा कंपनीत माझी पहिली मुलाखत होती, २०१९ साली. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघाले. पिशवीत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि डोक्यात पोर्ट क्रमांक, म्हणजे नेटवर्कवरून मशिनमध्ये शिरायच्या दारांचे नंबर. २२ म्हणजे एसएसएच, ४४३ एचटीटीपीएस, ४४५ एसएमबी, ३३८९ रिमोट डेस्कटॉप. कुर्डुवाडी येईपर्यंत सगळं दोनदा घोकून झालं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “आमची कंपनी आज काय विकते?”

मी म्हटलं, “अँटिव्हायरस.”

“तो आधी विकायचो. आता?”

मला उत्तर आलं नाही. नोकरीही आली नाही. संध्याकाळच्या गाडीने परत निघाले तेव्हा भाकरी तशीच पिशवीत होती.

ज्यांना या क्षेत्रात यायचंय, त्यांच्यातले बरेच जण आपल्या सोलापूरचे, पंढरपूरचे, बार्शीचे असतात आणि मला मेसेज करतात, “ताई, कुठला कोर्स करू?” त्या प्रश्नाचं उत्तर पुढे देते. आधी वरच्या प्रश्नाबद्दल बोलू. त्याचं उत्तर शोधता शोधताच मला कळलं की नोकऱ्या नेमक्या कुठे आहेत.

मी अँटिव्हायरस म्हणाले त्याला कारण होतं. बीएस्सी ईसीएस (कॉम्प्युटर सायन्स) करत असताना तीन वर्षं मी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसायचे. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. फॉरमॅट मारणं, रॅम पुसून परत बसवणं, पेन ड्राइव्हमधल्या शॉर्टकट व्हायरसने लपवलेल्या फायली बाहेर काढणं, ही माझी कामं. मागच्या फळीवर क्विक हील या अँटिव्हायरसचे खोके रचलेले असायचे. गिऱ्हाईक मशिन न्यायला आलं की अण्णा खोका पुढे सरकवायचे, “साफ करून दिलंय, पण हे टाकलं नाही तर महिन्याभरात परत येशील बे.” खोका खपायचा.

मुलाखतीत नापास झाल्यावर मी या खोक्याचाच इतिहास वाचायला घेतला, आणि तो निघाला अण्णांच्या दुकानासारख्याच एका दुकानाचा. कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. कॅल्क्युलेटरवरून ते संगणकांकडे वळले आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत व्हायरस सापडायचे, आणि ते काढायला संजयने छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यांचंच मिळून १९९५ मध्ये क्विक हील नावाचं उत्पादन झालं.

तो काळ मजेशीर होता. व्हायरस फ्लॉपीवरून फिरायचे. १९८६ चा ‘ब्रेन’ लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. ‘मायकेलँजेलो’ दर ६ मार्चला डिस्कवरचा डेटा पुसायचा. आणि आपल्या लोकांना माहीत नसलेला माझा आवडता म्हणजे ‘जोशी’. १९९० मध्ये भारतात सापडलेला हा व्हायरस ५ जानेवारीला मशिन अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. इतका सभ्य गुन्हेगार पुन्हा झाला नाही.

असे व्हायरस पकडण्याची पद्धत सरळ होती. प्रत्येकाच्या कोडमध्ये बाइटांची एक ठरावीक ओळ असते. ती शोधून यादीत टाकायची आणि डिस्कवरची प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून बघायची. या ओळीला सिग्नेचर म्हणतात. यादीत नसलेला व्हायरस मात्र दिसतच नाही. म्हणून ‘अपडेट’ हा या धंद्याचा जीव. ज्याची यादी ताजी आणि ज्याचा माणूस दुकानापर्यंत पोचलेला, त्याचं सॉफ्टवेअर खपणार. काटकरांनी नेमकं हेच केलं. पुण्याबाहेर पहिली शाखा नाशिकला काढली आणि पुढे गावोगावी विक्रेते जोडले. मोठ्या परदेशी कंपन्या मोठ्या शहरांतल्या ऑफिसांत होत्या, तेव्हा हा खोका नवी पेठेतल्या फळीवर आला होता. कंपनीचं नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, २०१० मध्ये सिकोया कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ६० कोटी रुपये गुंतवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात ३२१ रुपयांनी विक्री झाली. पहिल्याच दिवशी भाव त्याच्या बराच खाली बंद झाला.

भाव का पडला, हे शेअर बाजारवाले सांगतील. मला दिसली ती आमच्या दुकानातली गोष्ट. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच फुकट द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक अण्णांना विचारायला लागलं, “आत असतंच की, मग हे कशाला?” शिवाय लोक लॅपटॉपवरून मोबाइलकडे गेले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा. त्याला कुणी फाइल उघडण्याची गरजच नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये, म्हणजे त्याच ४४५ पोर्टवर, एक भोक होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, ज्यांनी लावलं नव्हतं ते सापडले. यादी ताडत बसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या हे आवाक्याबाहेर होतं.

म्हणून सुरक्षा कंपन्यांचा पैसा खोक्यातून सरकला आणि पाळतीत गेला. क्विक हीलने कंपन्यांसाठी सेकराइट हे वेगळं नाव काढलं, बाकीच्यांनीही असंच काहीतरी केलं. आता प्रोग्रॅम फाइलचा चेहरा बघत नाही, ती वागते कशी ते बघतो. वर्डच्या फाइलने अचानक पॉवरशेल, म्हणजे विंडोजला हुकूम देणारं टूल, का चालू केलं? दुपारी सोलापुरातून लॉगिन करणारा माणूस दहा मिनिटांत परदेशातून कसा आला? असल्या प्रश्नांचे इशारे चोवीस तास येत राहतात आणि ते बघायला माणसं लागतात. त्या खोलीला सॉक (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर) म्हणतात आणि नवख्यांच्या बहुतेक नोकऱ्या तिथेच आहेत. त्या बाईंना हेच उत्तर हवं होतं. कंपनी पाळत विकत होती.

पुण्यातलीच २०१८ ची घटना बघा. ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि त्यातलेच जवळपास १४ कोटी स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या जाळ्यावरून, हाँगकाँगला वळवले. पहिली चोरी झाली तो दिवस शनिवार होता. तेव्हापासून शनिवार-रविवारची पाळी का असते, हे मी कुणाला विचारलं नाही.

आता शिकायचं काय, त्याबद्दल. मी आधी चूक केली ती सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या मुलाखतीनंतर घाबरून मी एका क्लासमध्ये पैसे भरले. ‘एथिकल हॅकिंग, शंभर टक्के नोकरी’ अशी पाटी होती. तीन महिने त्यांनी तयार टूलची बटणं दाबायला शिकवलं. नोकरीचं विचारलं की “यादीत नाव आहे” एवढंच उत्तर. नान्नांच्या (आमच्याकडे घरी तेलुगू, म्हणून वडिलांना नान्ना) टॉवेल कारखान्यातल्या दिवाळी बोनसचे पैसे होते ते. आजही आठवलं की पोटात दुखतं.

खरं शिक्षण त्यानंतर घरात झालं. अण्णांनी जुना पीसी दिला, आठ जीबी रॅमचा, “हप्त्याने दे” म्हणाले. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, म्हणजे एकाच पीसीत दोन मशिनं चालवता येतात: एका बाजूला हॅकिंगच्या टूलांसकट येणारं काली लिनक्स, दुसऱ्या बाजूला विंडोज. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क उघडून स्वतःच्याच मशिनचं बोलणं ऐकत बसायचे. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की आधी डीएनएसला (नावावरून मशिनचा नंबर सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारणा होते, मग दोन मशिनांचं तीन पावलांचं हस्तांदोलन, मग दोन्ही बाजू कुलूप-किल्ली ठरवतात. हे पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं त्या रात्री ते कळलं. तुम्ही दुकानात काम केलं असेल तर इथे तुम्ही पुढे असता. निरोगी मशिनमध्ये काय काय चालू असतं ते ज्याला पाठ आहे, त्याला आजारी मशिन लगेच ओळखू येतं. टास्क मॅनेजर उघडून न बघताच ‘हॅकिंग’ शिकायला निघालेल्या मुलांना मी हेच सांगते, आणि त्यांना ते आवडत नाही.

सर्टिफिकेट? नेटवर्किंग कच्चं असेल तर आधी सीसीएनएचा (सिस्कोच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटचा) अभ्यासक्रम वाचा, परीक्षा नाही दिली तरी चालेल. मग सिक्युरिटी प्लस, सुरक्षेच्या पायाभूत गोष्टींचं. सीईएच, म्हणजे एथिकल हॅकरचं सर्टिफिकेट, महाग आहे. जाहिरातीत त्याचं नाव असतं म्हणून लोक करतात, मी केलं नाही. ओएससीपी, म्हणजे प्रत्यक्ष मशिनं फोडून दाखवायची परीक्षा, पहिल्याच वर्षी डोक्यात घेऊ नका. पावणेचोवीस तासांची परीक्षा आणि त्यानंतर अहवाल लिहायला चोवीस तास, त्याला आधी हात बसायला हवा. सरावासाठी ट्रायहॅकमी या साइटवर फुकटच्या खोल्या, म्हणजे सरावाचे धडे, पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. शेजाऱ्याच्या वायफायवर, कॉलेजच्या सर्व्हरवर, कुणाच्याही परवानगीशिवाय प्रयोग नकोत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. “शिकत होतो” हे उत्तर पोलिस ठाण्यात चालत नाही, आणि पुढे कंपनी पार्श्वभूमी तपासते ती वेगळीच.

दुसऱ्या एका कंपनीत २०२० मध्ये लागले, एल वन म्हणून, म्हणजे इशारे सगळ्यांत आधी बघणारी पहिली पायरी, रात्रपाळी. पहिल्याच आठवड्यात पहाटे पावणेतीनला पडद्यावर ४६२५ ची रांग लागली. विंडोजमध्ये लॉगिन फसलं की नोंद ४६२५ होते, जमलं की ४६२४. पाच मिनिटांत दोनशेच्या वर ४६२५, एकाच खात्यावर. मला वाटलं, झालं, कुणीतरी पासवर्ड फोडतोय. तिकीट, म्हणजे त्या घटनेची नोंद, लिहिलं आणि वरिष्ठांना झोपेतून उठवलं. त्यांनी दहा मिनिटांत शोधलं: बॅकअप घेणाऱ्या खात्याचा पासवर्ड संध्याकाळी बदलला होता, आणि एका सर्व्हरवर जुनाच राहिला होता. तो बिचारा रात्रभर जुन्या किल्लीने दार ठोठावत होता. मी माफी मागायला लागले. ते म्हणाले, “उठवलंस ते बरोबर केलंस. पण तिकिटात नुसतं ‘संशयास्पद’ लिहिलंयस. कुठलं मशिन, कुठलं खातं, कधीपासून, मधे एखादं ४६२४ आहे का, तू काय तपासलंस? झोपेतल्या माणसाला हे सगळं पहिल्या चार ओळींत दिसायला हवं.”

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, मलाही होती. पण तिकिटाचं इंग्रजी तेवढंच असतं: कोण, कुठे, कधी, काय झालं, मी काय केलं. पाचच ओळी. मी महिनाभर जुनी, नीट लिहिलेली तिकिटं वहीत उतरवून काढली, शाळेत शुद्धलेखन करायचो तशी. नोंद वेळेत आणि नीट का लागते त्याला कायद्याचंही कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. रात्री तीनला अर्धवट लिहिलेलं तिकीट सकाळी नऊला सगळ्यांच्या गळ्याशी येतं.

सॉकमध्येच राहायला हवं असं नाही. हल्ल्याचा कोड उलगडणारे असतात, उत्पादन तपासणारे असतात. या तपासणाऱ्यांना कुणी विचारत नव्हतं, १९ जुलै २०२४ पर्यंत. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं पडदा निळा होऊन बंद पडली. विमानं अडकली, इस्पितळं अडकली, आणि हल्लेखोर कुणीच नव्हता. अपडेट हा धंद्याचा जीव, असं वर म्हटलं ना, तो असाही जातो.

पगाराचं सगळेच विचारतात. माझा सुरुवातीचा हातात तेवीस हजार होता, त्यातून पुण्यातली कॉट आणि डबा भागवून थोडं उरायचं. रात्रपाळीने पहिल्या सहा महिन्यांत पित्त वाढलं. दीड वर्षाने एल टू झाले तेव्हा दिवसाची पाळी मिळाली.

मागच्या संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आले होते. नान्नांच्या कारखान्यातल्या क्लार्कभाऊंचा फोन आला. सूत पुरवणाऱ्याचा मेल आलाय, ‘ऑडिटमुळे बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात भरा’, तुम्ही कम्प्युटरमधल्या ना, जरा बघता का? मी कारखान्यात गेले. मेलचा पत्ता मोठा करून दाखवला. नावातल्या इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवले होते. लहान अक्षरांत फरक दिसत नव्हता. त्यांना म्हटलं, मेलमधल्या नंबरवर फोन करू नका, जुन्या बिलावरचा नंबर काढा. त्यांनी केला. पुरवठादार म्हणाला, खातं तेच आहे, आम्ही काही पाठवलेलं नाही. पैसे गेलेले नव्हते. गेले असते तर त्याच मिनिटाला १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायचा, हे टेबलावरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगितलं.

घरी येताना नान्नांनी विचारलं, “रात्रभर बसून हेच करतेस होय तू?”

“साधारण हेच.”

गेटवर त्यांचे दोस्त उभे होते. त्यांना नान्ना सांगत होते, मुलगी कम्प्युटर दुरुस्त करते.