लाइन गेली तरी काम चालू राहावं: गावोगावी विखुरलेली डिझाइन टीम कशी सांभाळायची

२०२० च्या मार्चअखेरीस कोरोनाच्या टाळेबंदीत पुण्या-नागपुरातली ऑफिसं बंद झाली आणि डिझाइनची पोरं-पोरी आपापल्या गावी आली. काहींनी पहिले चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत काढले, मग घरात शिरली. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा 'सध्यापुरती सोय' हा शब्द टीमच्या बोलण्यातून आपोआप गळून गेला.

चार-आठ जणांची टीम आहे, विदर्भात एक आर्वीजवळच्या खेड्यात, एक दारव्ह्याच्या पुढे, एक लाखांदूरकडे, आणि काम वेळेवर द्यायचं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. शहरातले सल्ले 'रोज सकाळी कॅमेरा लावून भेटा' इथून सुरू होतात. आपली गाडी तिथंच अडते. कॉल कमी करा आणि लिहिणं वाढवा, हे माझं मत. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी तक्ता करा

काम वाटण्याआधी प्रत्येकाला फोन करून पाच गोष्टी विचारा आणि एका शीटमध्ये टाका. लाइन, म्हणजे वीज, साधारण कधी जाते आणि किती वेळ? घर गावठाणात आहे की शेतात? (शेतीच्या फीडरची, म्हणजे वीजवाहिनीची, थ्री-फेज वीज कधी दिवसा असते, कधी रात्री, शेतातल्या घराचं गणित वेगळं.) कोणत्या कंपनीची रेंज येते, आणि घरात नेमकी कुठं? लॅपटॉपची बॅटरी खरोखर किती चालते? आणि ज्या फोनवरून हॉटस्पॉट घेता, तो फोन आणखी कोण वापरतं?

हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारायचा विसरतात. टाळेबंदीत सकाळी दहा ते बारा तो फोन धाकट्या भावाच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला असायचा. टीममधली पोरगी काही सांगायची नाही, नुसती 'ऑफलाइन' दिसायची, आणि इकडे आपण तिला आळशी ठरवून मोकळे व्हायचो. "दादा, धाब्यावर गेली तं रेंज येते, पण तिथं ऊन हाय जी," (धाबं म्हणजे घराची गच्ची) हे वाक्य तक्त्यात जसंच्या तसं लिहून ठेवण्याच्या लायकीचं आहे.

तक्ता भरला की सगळ्यांना जमतील असे दोनच तास शोधा. सहसा सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी साडेसातनंतरचा एखादा तास निघतो. तेवढेच सामाईक. बाकी कोणी कधी काम करतं ते त्याचं त्यानं बघावं.

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच अधिकृत सुट्टीच जाहीर करा. पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. कूलर लावला तर कॉलवर फक्त कूलरच ऐकू येतो, आणि बंद केला तर लॅपटॉप तव्यासारखा तापून स्वतःहून बंद पडतो. जूनच्या सुरुवातीला दुपारनंतर वीज-वादळ असतं. ढग दाटले की चार्जर बोर्डातून काढायचा, हा नियमही लेखी ठेवा.

फाईल कुठं राहते ते एकदाच ठरवा

मोबाइल ॲप, वेबसाइटची कामं फिग्मावर (ब्राउझरात चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर) असतील तर एक मोठी फाईल करू नका. उघडायला ती जड जाते, आणि टू-जीवर आलेल्या रेंजला ते झेपत नाही. दहा-पंधरा स्क्रीनची एक, अशा छोट्या फायली करा. उघडलेल्या फाईलमध्ये नेट गेलं तरी काम करता येतं, रेंज आली की बदल आपोआप वर जातात; फक्त तोवर टॅब बंद करायचा नाही. हे नव्या पोरांना दोनदा सांगा, तिसऱ्यांदाही सांगा.

छपाईचं काम, म्हणजे पाकिटं, लेबलं, फ्लेक्स, आपल्याकडं अजून कोरलड्रॉवरच चालतं. तिथं दुखणं वेगळं. एकाकडं नवं व्हर्जन, दुसऱ्याकडं जुनं, तालुक्याच्या प्रेसवाल्याकडं त्याहून जुनं. सगळ्यांत जुनं व्हर्जन कोणाचं ते विचारून त्याच व्हर्जनमध्ये सेव्ह करायचं ठरवा. प्रेसला जाणारी फाईल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, पाठवा, पण कर्व्ह न केलेली मूळ फाईल शेजारीच ठेवा, नाहीतर एमआरपी बदलायची वेळ आली की अख्खं लेबल नव्यानं बसवावं लागेल.

मराठी मजकुराचा गोंधळ आणखी वेगळा. श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या पद्धतीनं टाइप केलेला मजकूर फिग्मात टाकला की नुसती चिन्हं दिसतात. म्हणून मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठंही वाचता येईल अशा टाइपमध्येच, मागा, आणि मुक्त, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी असे सगळ्यांना फुकट मिळणारे फॉन्ट टीमपुरते पक्के करा.

जड फायलींना रात्रीचे अकरा ते बारा वापरा. रोजच्या डेटाचं पॅक मध्यरात्री नवं होतं आणि उरलेलं वाया जातं. ते उरलेलंच डाउनलोडला लावायचं. आणि व्हॉट्सॲपवर डिझाइन पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, बारीक अक्षरांच्या कडा फुटतात, आणि ग्राहक म्हणतो की तुमचं काम धुरकट आहे.

ब्रीफ लिहा, सगळं लिहा

ऑफिसात 'जरा उठावदार कर' म्हटलं तरी भागतं, कारण डिझायनर मान वळवून विचारतो, म्हणजे कसं? गावात तो प्रश्न रेंज येईपर्यंत थांबतो, उत्तर लाइन येईपर्यंत थांबतं, आणि एक दिवस जातो.

समजा शेतकरी गटाच्या हळदीचं पाकीट करायचं आहे. ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी सूचनेत, एवढं हवं: दोनशे ग्रॅम, उभं पाकीट, मापं मिलिमीटरमध्ये. समोर गटाचं नाव, हळद आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह, बाकी काही नाही. मागं निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा एफएसएसएआय क्रमांक. पिवळा रंग छपाईत मळकट होऊ नये, म्हणून आधीच्या पाकिटाचा उजेडातला फोटो सोबत. अंतिम होकार गटाच्या अध्यक्ष ताईंचा, दुसऱ्या कोणाचा नाही. पहिला नमुना गुरुवारी रात्री. आणि शेवटी एक ओळ: 'अजून ठरलेलं नाही: झिप हवी की नको.' ही ओळ असली की डिझायनर त्या कोपऱ्यावर वेळ घालवत नाही.

लिहायला तुम्हाला अर्धा तास जास्त लागेल. लागू द्या, टीम सांभाळणाऱ्याचा पगार त्याचाच असतो.

डिझाइन तपासताना

स्क्रीनशॉटवर आकडे टाका, खाली त्याच आकड्यांनी सूचना लिहा. गुंतागुंतीचं असेल तर मिनिटभराचा व्हॉइस मेसेज जोडा. तो एक एमबीच्याही आत बसतो आणि कमी रेंजमध्येही पोचतो. प्रत्येक सूचनेपुढं 'बदलच' किंवा 'तुझं तू बघ' यांपैकी एक लिहा. नाहीतर बिचारा ज्युनिअर तुमच्या सहज बोलण्यालाही हुकूम समजून बदलत बसतो. आणि 'छान झालं' एवढ्यावर सोडू नका; काय छान झालं ते लिहिलंत तर पुढच्या वेळी ते पुन्हा मिळेल.

कॉल आठवड्यातून एकच, आणि फक्त आवाजावर. गटाच्या व्हिडिओ कॉलला तासाला जीबीच्या आसपास डेटा जातो. ज्याचं रोजचं पॅक दीड जीबीचं आहे, त्यानं मग काम कशावर करायचं? झूमची फुकटातली चाळीस मिनिटांची मर्यादा मला तर वरदानच वाटते. ठरलेलं काय ते कॉलनंतर चार ओळींत ग्रुपवर टाका, कारण एक जण मध्येच तुटलेला असतोच.

कोणी आजारी पडलं तर

ही तयारी आधीच करायची असते. प्रत्येक कामाला दोघांची जोडी लावा: एक करणारा, दुसरा ते काम ठाऊक असलेला. रोज काम संपताना प्रत्येकानं तीन ओळी टाकायच्या: काय झालं, काय राहिलं, फाईल कुठं आहे. ताप अंगात असताना कोणाला पासवर्ड विचारायची वेळ येऊ नये.

कोरोना पॉझिटिव्ह आलेल्याला ग्रुपमधून म्यूट व्हायला सांगा आणि बोलायला एकच माणूस नेमा. आठ जणांचे 'कसा आहेस' हे आठ फोन होतात. घरात म्हातारं माणूस आजारी असेल तरी हाच नियम, कारण ऑक्सिमीटर लावून बसणारं, ९४ च्या खाली आकडा गेला तर गाडी शोधणारं ते पोरच असतं. लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी काम लावू नका. ताप नाही आला तर चांगलंच.

शेती आणि पैसे

घरी आलेला डिझायनर घरचा मुलगाही असतो. वऱ्हाडाकडं मृग लागला की सोयाबीन-कपाशीची पेरणी, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धानाची रोवणी जुलैत. म्हणजे सगळी टीम एकाच आठवड्यात शेतावर जात नाही. तारखा आधी विचारल्या तर डेडलाइन बरोबर मध्ये बसवता येते. पाऊस लांबला की तारखा सरकतील, दोन दिवस हाताशी ठेवा.

रिचार्जचे पैसे पगारासोबत वेगळे द्या, बिल मागू नका. फ्रीलान्सरचं पेमेंट ग्राहकाकडून यायची वाट न बघता ठरल्या तारखेला टाका. जमणार नसेल तर तारखेच्या आधी फोन करून तसं सांगा. बँकेची शाखा तालुक्याला, एटीएममध्ये नोटा असतीलच असं नाही. पंधरा तारखेला येणारा पैसा बाविसावर गेला, तर बियाणं उधारीवर घ्यावं लागतं.