युद्धपटातील वादग्रस्त हिंसेचे परीक्षण कसे करावे

एखाद्या युद्धपटातील हिंसेवरून वाद पेटला की ‘इतके रक्त दाखवण्याची गरज होती का?’ हा प्रश्न सर्वांत आधी पुढे येतो. समीक्षकाने मात्र तेथून सुरुवात करू नये, कारण रक्ताच्या प्रमाणावरून दृश्याचा हेतू कळत नाही. माणूस मारला जात असताना कॅमेरा कोठे उभा आहे आणि तो त्या मरणाचे काय करतो, हे आधी तपासावे.

समीक्षक जाक रिव्हेत यांनी १९६१ मध्ये ‘काये द्यु सिनेमा’ या फ्रेंच नियतकालिकात हीच कसोटी लावली होती. जिलो पॉन्तेकोर्व्हो यांच्या ‘कापो’ या नाझी छळछावणीवरील चित्रपटात एक कैदी स्त्री विजेच्या तारांवर स्वतःला झोकून देते, आणि कॅमेरा तिच्या मृतदेहाकडे सरकत जाऊन तो चौकटीत नेटकेपणाने बसवतो. त्या क्षणी कॅमेरा असा सरकवण्याचा निर्णय घेणारा दिग्दर्शक केवळ तिरस्कारास पात्र आहे, असे रिव्हेत यांनी लिहिले. त्यांचा आक्षेप क्रौर्य दाखवण्याला नव्हता, तर एका मरणाला देखणे करण्याला होता. हा निवाडा कठोर आहे हे मान्य करूनही, दृश्याचा नैतिक विचार त्याच्या तंत्रातच शोधावा लागतो, ही त्यातली दृष्टी मला आजही अपरिहार्य वाटते.

त्याच दिग्दर्शकाचा ‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’ (१९६६) याच कसोटीवर वेगळा उतरतो. फ्रेंच सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटण्यापूर्वी कॅमेरा कॅफेत बसलेल्या युरोपीय लोकांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो. त्यांत आइस्क्रीम खाणारे एक मूलही आहे. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याविषयीची सहानुभूती न लपवणारा हा चित्रपट त्या लढ्यात बळी पडणाऱ्यांचे चेहरे पुसत नाही. म्हणून कोणतेही दृश्य तपासताना मरणाऱ्याला मारण्यापूर्वी माणूस म्हणून पाहू दिले आहे का, आणि शत्रूपक्षातील मृतांना तेवढाच वेळ दिला आहे का, याची नोंद अवश्य करावी.

त्यानंतर ते दृश्य आवाज बंद करून पुन्हा पाहावे. पार्श्वसंगीत हटवल्यावर त्यातला वीरश्रीचा आवेश ओसरत असेल, तर तो आवेश घटनेतून आलेला नसून वरून चढवलेला आहे, असे समजावे. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) मधील, दुसऱ्या महायुद्धातल्या ओमाहा या फ्रान्सच्या किनाऱ्यावरील सुमारे पंचवीस मिनिटांच्या लढाईत पार्श्वसंगीत नाही. तेथे प्रेक्षकाला भावनेचा आयता आधार मिळत नाही आणि गोंधळ गोंधळच राहतो. अर्थात एका प्रसंगातील हा संयम पुढच्या कथेने टिकवला आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

ऐतिहासिक सत्याची तपासणी याहून अवघड असते, कारण येथे कलात्मक स्वातंत्र्याची ढाल लगेच पुढे केली जाते. ‘द डीअर हंटर’ (१९७८) मध्ये व्हिएतनामी सैनिक कैद्यांना पिस्तुलात एकच गोळी ठेवून जीवघेणा जुगार खेळायला लावतात. असे प्रकार घडल्याची नोंद नाही, अशी टीका झाली आणि १९७९ च्या बर्लिन महोत्सवातून सोव्हिएत शिष्टमंडळाने निषेध म्हणून माघार घेतली. समर्थकांनी हा जुगार म्हणजे युद्धातील निरर्थक मृत्यूचे रूपक असल्याचे म्हटले. रूपक दिग्दर्शकाला मोकळीक देते, हे खरेच. पण त्या रूपकातले सगळे क्रौर्य एकाच बाजूच्या, नावगाव नसलेल्या माणसांवर लादले जात असेल, तर समीक्षकाने ती मोकळीक बिनशर्त मान्य करू नये. कथेतील घटना काल्पनिक असली, तरी ज्यांच्यावर ती लादली जाते ते लोक काल्पनिक नसतात.

परीक्षण लिहिताना ‘अंगावर येणारे’ किंवा ‘अतिरेकी’ अशा विशेषणांवर थांबू नये. शॉट किती लांब आहे, संकलक कोठे कट करतो, जखमेनंतरची वेदना दिसते की पुढच्या स्फोटात विरून जाते, हे वाचकाला नेमक्या शब्दांत सांगावे. चित्रपट न पाहिलेल्या वाचकालाही त्या वर्णनावरून स्वतःचे मत बनवता यावे, आणि समीक्षकाशी असहमत व्हायचे असेल तर त्यासाठीचा पुरावाही त्याच परीक्षणात मिळावा.