दंगल, हत्याकांड व्हायच्या आधीच चाहूल कशी ओळखायची (रवांडावरून शिकलेलं)

आफ्रिकेतल्या रवांडात ७ एप्रिल १९९४ पासून जेमतेम १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजातली. मारणारे बहुसंख्य हुतू समाजातले, आणि त्यांत शेजारीपाजारी पण होते. लोक म्हणतात अचानक झालं. अचानक कसलं, चार वर्षं तयारी चालली होती.

सगळ्यात आधी कान भाषेकडे ठेवा. तिथे १९९३ मध्ये आरटीएलएम नावाचा रेडिओ सुरू झाला, झकास गाणी, टवाळक्या, पोरं चिकटून ऐकायची, आणि मधेमधे तुत्सींना 'इन्येन्झी' म्हणायचे, म्हणजे झुरळं. आता झुरळ चिरडताना कोणाला वाईट वाटतं? म्हणून फॅमिली ग्रुपवर कोणी एखाद्या समाजाला कीड, वाळवी म्हटलं की हसायची इमोजी टाकून सोडू नका. काका असले तरी. चारचौघांत भांडण नको असेल तर पर्सनलवर बोला पण बोला.

दुसरं म्हणजे याद्या. बेल्जियन राजवटीपासून तिथल्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापलेलं असायचं, १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर नाके लावून तेच कार्ड बघून माणूस मारायचा की सोडायचा ते ठरलं. ११ जानेवारीलाच रवांडातल्या यूएन शांतिसेनेचे प्रमुख जनरल दालेर यांनी न्यूयॉर्कच्या यूएन मुख्यालयाला फॅक्स केला होता की खबऱ्याला राजधानी किगालीतल्या तुत्सींची नोंद करायला सांगितलंय, २० मिनिटांत १००० मारता येतील असं तो म्हणतोय, शस्त्रं लपवलीत, आम्ही छापा टाकतो. उत्तर आलं, टाकू नका. त्यामुळे कोणी सोसायटीत, बाजारात 'त्यांची' घरं दुकानं मोजायला लागलं तर विचारा, कोणी सांगितलं, कशाला हवंय.

तिसरं, छोट्या घटना आणि त्यांना शिक्षा न होणं. मार्च १९९२ ला रवांडाच्याच बुगेसेरा भागात सरकारी रेडिओवरून खोटं पत्रक वाचून दाखवलं आणि तुत्सींना मारलं, ती रंगीत तालीमच. आपल्याकडे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला २०१८ मध्ये मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातले ५ जण जमावाने ठेचले, तो नरसंहार नव्हता, पण अफवेची चाल तीच.

मग करायचं काय? पोस्ट डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ सेव्ह करा (आरटीएलएमच्या टेप पुढे रवांडासाठी टांझानियात आरुशाला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय कोर्टात पुरावा म्हणून वापरल्या गेल्या). मारहाणीचे व्हिडिओ फॉरवर्ड करू नका, पोलिसांना द्या. भारतात द्वेष पसरवण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ज्यांना धोका आहे त्यांना आधी विचारा काय हवंय, परस्पर हिरोगिरी नको. आणि कोणाला घरात घेतलं तर ते ग्रुपवर टाकू नका, प्लीज.

रवांडात झुरा कारुहिम्बी नावाच्या म्हातारीने १०० हून जास्त लोक घरात लपवले होते. दारात मारेकरी आले की ही चेटकीण असल्याचं सोंग करायची, अंगाला खाज सुटणारा पाला हाताला चोळून त्यांना हात लावायची, भुतं अंगावर घालीन म्हणायची. ते पळायचे.