पावसाळ्यात डुकरांच्या मक्याला लागणारी बुरशी

मिरगाआधी भरून ठेवलेली मक्याच्या भरड्याची गोणी श्रावणात उघडली की तळाशी हिरवट ढेकळे निघतात. ढेकळे तेवढी काढून टाकायची आणि बाकीचा भरडा उघाडीत वाळवून घालायचा, ही सर्रास पद्धत. आणि घोळ तिथेच होतो. उन्हाने बुरशी मरते, तिने सोडलेले विष उरते. हॉटेलचे उष्टे नि कणी उकळून देणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे: उकळीने रोगजंतू मरतात, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष नाही जात.

दोन-तीन महिन्यांच्या माद्यांची योनी सुजून लाल झाली तर माज समजू नका. तो बहुधा झिअरालेनोन या बुरशीच्या दुसऱ्या विषाचा परिणाम. काहींची आतडी गुदद्वारातून बाहेर येते. खाणे लगेच बदलले की सूज हळूहळू उतरते. डुक्कर दोणीपाशी येऊन, हुंगून मागे फिरत असेल किंवा ओकत असेल, तर व्होमिटॉक्सिन या विषाचा संशय घ्या. एकाएकी धाप लागून डुकरे दगावली तर फ्युमोनिसिन या विषाचा. अर्थात धाप इतर रोगांतही लागते, पशुवैद्याला बोलवा. ही तिन्ही विषे बहुतेक वेळा शेतातूनच दाण्यात येतात, म्हणजे गोदाम कितीही कोरडे असले तरी खरेदी चुकली की फसलात. अफ्लाटॉक्सिन मात्र साठवणुकीतही वाढते, खोबऱ्याच्या आणि शेंगदाण्याच्या पेंडीतसुद्धा. ते यकृत पोखरते; बाहेरून दिसते ते एवढेच, की डुक्कर वजन धरत नाही.

घाटावरून आलेला मका घेताना मिठाची परीक्षा करा. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर कोरडे बारीक मीठ नि तिसरा हिस्सा भरेल इतके दाणे घालून दोन-तीन मिनिटे हलवा, मग थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांहून जास्त आहे, परत करा. साठवायला १३ टक्के बरी. फुटके, किडलेले दाणे जास्त असलेला मका स्वस्तात मिळाला तरी नको.

या दिवसांत पंधरवड्यापुरतेच घ्या: रोज दोन किलो खाणाऱ्या दहा डुकरांना ३०० किलो, म्हणजे ५० किलोच्या सहा गोण्या. मका अख्खा ठेवा, लागेल तसा भरडा. भरडा लवकर ओल धरतो. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. दोणीच्या कोपऱ्यात चिकटलेला आंबूस थर रोज खरवडा, नवे खाणे त्यावर ओतू नका.

बेंटोनाइट (खाण्यात मिसळायची एक प्रकारची माती) अफ्लाटॉक्सिनला बऱ्यापैकी धरते, व्होमिटॉक्सिन आणि झिअरालेनोनवर फारसे चालत नाही. ते घालून खराब मका खपवता येत नाही.

टाकायचा भरडा गायी-म्हशींपुढेही नको. अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो. खड्ड्यात पुरा.